ओठ हलले पाहिजेत

बाइंडरच्या उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाकडे त्यावर औषध होतं आणि ते स्वतःजवळ ठेवणं एकालाही जमलं नाही. कुणी म्हणालं, कोमट पाण्यात हात बुडवून बसा. कुणी म्हणालं, चहा सोडा. शेजारच्या चाव्यावाल्याने तर कुलपात घालायचं तेल एका छोट्या बाटलीत भरून आणून दिलं आणि वर छातीठोकपणे सांगितलं, की आठ दिवसांत फरक पडेल. बाइंडर सगळ्यांना 'बरं' म्हणायचा आणि आतल्या आत धुमसायचा. एकसष्ट वर्षांच्या माणसाला सल्ला देण्यात लोकांना काय आनंद मिळतो कोण जाणे.

बाइंडर हे काही त्याचं नाव नव्हे. पण आजोबा बाइंडर, वडील बाइंडर, तेव्हा याला वेगळ्या नावाने हाक मारायची तसदी कुणी घेतली नाही. दुकान म्हणजे रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली उतरलेली एक लांबोडकी खोली. आत शिरलं की आधी खळीचा आंबूस वास, मग हाताने फिरवायचा लोखंडी प्रेस आणि त्याच्या पलीकडे खिडकीलगत भिंतभर लांब टेबल. एके काळी या टेबलावर शाळांची हजेरीपुस्तकं आणि कचेऱ्यांच्या जाडजूड वह्या यांची रांग लागायची. पुढे कचेऱ्या संगणकात गेल्या. उरले ते कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, जे एकदा बांधले की लिहिणारासुद्धा पुन्हा उघडत नाही, आणि वाचनालयातल्या, पानं सुटलेल्या कादंबऱ्या. तरी बाइंडर रोज नऊच्या ठोक्याला दुकान उघडायचा. एक तर त्याला दुसरं काही येत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, ग्रंथ अजून यायचा होता.

ग्रंथ म्हणजे प्रार्थनाघरातला मोठा ग्रंथ. दोन हातांनी उचलावा लागतो असा. दर आठवड्याला तो उघडला जायचा आणि साधारण तीसेक वर्षांनी त्याची शिलाई सैल व्हायची. आजोबांनी तो एकदा शिवला, वडिलांनी एकदा. आता पाळी याची. प्रार्थनाघराचं छप्पर काही महिन्यांनी दुरुस्तीला निघणार होतं, तेव्हा सहा आठवडे दार बंद. तेवढ्यात ग्रंथ शिवून व्हायचा आणि दार उघडेल त्या दिवशी तो आपल्या जागी असायचा, असं ठरलेलं.

काम सोपं नव्हतं. मोठे कागद घडी घालून एकात एक बसवले की त्याचा एक फर्मा होतो. असे बेचाळीस फर्मे. प्रत्येक फर्मा मधल्या घडीतून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचा आणि शिवता शिवता आधीच्या फर्म्याला गुंफायचा. याला म्हणतात जुजबंदी. सुई जुन्याच भोकातून गेली पाहिजे. हात अर्धा दाणा इकडचा तिकडे झाला, की शंभर वर्षांचा कागद फाटलाच. ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी स्टेशनजवळ मोठा छापखाना होता. तिथलं यंत्र पुस्तकाच्या सगळ्या घड्या एका झटक्यात कापून टाकतं, सुटी पानं करतं आणि पाठीला गोंद फासतं. पाच मिनिटांचं काम. पण एकदा घडी कापली की कापली, पुढे कुणी कितीही मोठा कारागीर आला तरी तो ग्रंथ पुन्हा शिवता येत नाही. बाइंडरला भीती होती ती याची. आपल्या हातामुळे ग्रंथ त्या यंत्राखाली जायचा, आणि वडील असतील तिथून हे बघायचे.

डॉक्टरने चार तपासण्या केल्या, हात पुढे करायला लावला, नाकाला बोट लावायला लावलं आणि म्हणाला, "मोठं काही नाही. ताण आहे. काळजी करू नका." हे वाक्य ऐकून काळजी गेलेला माणूस अजून कुठल्याही दवाखान्यातून बाहेर पडलेला नाही.

मार्ग काढला तो बायकोने. ती शहराच्या जलतरण तलावावर तिकीट खिडकीत बसायची. तलावाच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून तीनदा सकाळी ध्यानाचा वर्ग भरायचा.

"अहो, नुसतं बसायचंय. तुम्हाला बसायला काय होतं?"

"बसायला वेळ कुणाला आहे?"

"मग दिवसभर दुकानात काय उभे असता?"

तीस वर्षांच्या संसारात तिने कुठलाही वाद दुसऱ्या प्रश्नापुढे जाऊ दिला नव्हता. बाइंडर गेला.

वरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, क्लोरीनचा वास, आणि खालून शिट्ट्या आणि धपाधप उड्यांचे आवाज. शांतता शिकवायला लोकांनी जागा तरी काय निवडली होती! शिकवणाऱ्या बाई पूर्वी इस्पितळात नर्स होत्या. त्या म्हणाल्या, श्वास आत येतोय, बघा. बाहेर जातोय, बघा. बाइंडरला वाटलं, यात बघायचं काय? एकसष्ट वर्षं येतोय नि जातोय, आजवर त्याच्यावर कुणी पाळत ठेवली नव्हती. पाच मिनिटांत त्याला कंटाळा आला आणि त्याने मनातल्या मनात आपली नेहमीची प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात बाई त्याच्या खुर्चीमागून हळूच म्हणाल्या, "शब्द सोडा."

त्याला धक्काच बसला. हिला कसं कळलं? वर्ग सुटल्यावर त्याने त्यांना जिन्यात गाठलं.

"बाई, मी देवाला मानणारा माणूस आहे. शब्द सोडले तर देवाशी बोलायचं कसं?"

"ते मला नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "मी फक्त श्वासापुरती."

"पण हे धर्मात बसतं की नाही?"

"तुम्हाला खुर्चीत बसता आलं की माझं काम झालं," असं म्हणून त्या खाली उतरून गेल्यासुद्धा.

बाइंडर घरी येईपर्यंत कातावलेला होता. धर्माची माणसं गरजेपेक्षा जास्त बोलतात म्हणून त्याने जन्मभर डोकं धरलं होतं. आता ही एक भेटली, ती कामापुरतंही बोलत नाही. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस देवाने बनवायचाच सोडला की काय?

पण हात थांबायला लागला, त्याला काय करणार! दुसऱ्या महिन्यात कपातला चहा बशीत सांडेनासा झाला. तिसऱ्या महिन्यात सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला. आणि आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र त्याने बायकोलाही सांगितली नाही. कधी कधी त्या खुर्चीत, शिट्ट्यांच्या गोंगाटात, शब्द खरंच सुटायचे. आणि तेव्हा त्याला लहानपणासारखं वाटायचं, की आई आतल्या खोलीत काहीतरी करते आहे, आपण बाहेर बसलो आहोत, कुणी कुणाशी बोलत नाही, पण ती घरात आहे. देव दूर गेल्यासारखं तर मुळीच वाटायचं नाही. उलट इतकी वर्षं आपणच बडबड करून त्याला बोलू दिलं नाही की काय, अशी शंका यायची. ही शंका घेऊन कुणाकडे जायचं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो ती तलावाच्या जिन्यातच ठेवून यायचा.

छपराचं काम सुरू झालं, ग्रंथ दुकानात आला आणि आठवड्याभरात बातमी फुटली. प्रार्थनाघराच्या समितीतले एक गृहस्थ गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला यायचे. त्यांनी बाइंडरला वरून उतरताना पाहिलं. दुपारपर्यंत ताई दुकानात हजर.

ताई म्हणजे बाइंडरची सख्खी थोरली बहीण. वय सहासष्ट. वीस वर्षं समितीची सेक्रेटरी, प्रार्थनाघराच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या पिशवीत आणि सामुदायिक प्रार्थनेत सगळ्यांच्या वर तिचा आवाज. सात वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यानंतर आठवड्याच्या आत ती समितीच्या बैठकीत येऊन बसली आणि इतिवृत्त लिहून घेतलं. लोक म्हणाले, श्रद्धा असावी तर अशी. त्याच्याविषयी ती पुढे एक शब्द बोलली नाही. बाकी बोलण्याची मात्र कमतरता नव्हती. तिच्या घरात उजाडल्यापासून मोठ्याने प्रार्थना, मग रेडिओ, मग फोन, मग पुन्हा रेडिओ. बाइंडर तिच्याकडे जायचा तेव्हा दहा मिनिटांत त्याचं डोकं उठायचं आणि काहीतरी निमित्त काढून तो सटकायचा.

"तलावावर डोळे मिटून बसतोस म्हणे," ताई पायऱ्यांवरूनच म्हणाली.

"हातासाठी बसतो."

"आणि देवाचं नाव घेत नाहीस."

"तेवढा वेळ नाही घेत. इतर वेळी घेतो की."

"इतर वेळी! तो काय इतर वेळेचा आहे? अरे, मन रिकामं केलं की त्यात नको ते शिरतं. इतकी साधी गोष्ट कळत नाही तुला?"

"ताई, माझ्या मनात सुई शिरायला जागा नाही. ते रिकामं करायचं म्हटलं तर ट्रक बोलवावा लागेल." त्याने टेबलावरची सुई उचलली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघ. हात हलतोय का?"

ताईने पाहिलं. सुई हलत नव्हती. "कुणाच्या जोरावर थांबलाय ते सांग आधी," ती म्हणाली.

आता यावर काय बोलायचं? हात हलला तरी पंचाईत, थांबला तरी पंचाईत. दोनच दिवसांत समितीचा निरोप आला, की जो असल्या वर्गाला बसतो त्याने ग्रंथाला हात लावू नये. खाली ताईची सही. बाइंडरने संतापाच्या भरात वर्ग सोडला. पंधरवड्यात हात पुन्हा कापायला लागला. म्हणजे बसलं तर हात जागेवर, पण ग्रंथाला लावायचा नाही. नाही बसलं तर हात लावायला मोकळीक, पण हातच जागेवर नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे बेचाळीस फर्मे घडीवर दुरुस्त करून टेबलावर ओळीने मांडलेले. छप्पर मात्र भराभर होत होतं.

शेवटी तो धर्मगुरूंकडेच गेला. म्हातारे धर्मगुरू प्रार्थनाघरामागच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या बाकांच्या मधे, छपरवाल्याशी हुज्जत घालून नुकतेच दमून बसले होते. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, आणि कुठल्या कानाने ते त्यांच्या सोयीने बदलायचं असं लोक म्हणायचे.

"गुरुजी, गप्प डोळे मिटून बसणं पाप आहे का?"

"मी रोज दुपारी बसतो," धर्मगुरू म्हणाले.

"तेच तर मी म्हणतो!"

"मला झोप लागते, ही गोष्ट वेगळी."

बाइंडरने कपाळावर हात मारला. "गुरुजी, एक काय ते सांगा. देव मानणाऱ्या माणसाला हे चालतं की नाही?"

म्हाताऱ्याने बराच वेळ छताकडे पाहिलं. उत्तर वरून येतं म्हणून पाहिलं, की छपरवाल्याने पत्रा नीट बसवला का ते पाहिलं, हे सांगणं कठीण. मग, कुणाशीच वाकडं येऊ नये अशा बेताने आयुष्य काढलेल्या माणसाने जो तोडगा काढावा, तोच त्यांनी काढला. बाइंडरने वर्गाला खुशाल जावं. पण ग्रंथ शिवताना तोंडाने प्रार्थना चालू हवी आणि समितीचं एक माणूस समोर हवं.

"ओठ हलले पाहिजेत," धर्मगुरू म्हणाले. "मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही."

"बाबा शिवायचे तेव्हा त्यांचे ओठ हलायचे का?"

"मी बघितलं नाही बुवा."

बाइंडरने तोच प्रश्न ताईला विचारला. ती म्हणाली, मनात म्हणत असतील. मनात चालतं तर मग मला का नाही, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, तू बाबा नाहीस. ज्या वादात समोरच्याला थोरली बहीण असण्याचा हक्क आहे, त्या वादात जिंकलेला धाकटा भाऊ दाखवा आणि बक्षीस मिळवा.

दार उघडायला सहा दिवस राहिले तेव्हा शिलाई सुरू झाली. समितीचं माणूस म्हणून कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. ताई साडेनऊला आली, स्टूल ओढून टेबलासमोर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "हं. कर सुरू."

बाइंडरने प्रार्थना सुरू केली आणि पहिली सुई घातली. तो एक ओळ म्हणायचा, ताई मागोमाग म्हणायची. तो अडखळला की ती सुधारायची. आवाज खाली गेला की म्हणायची, "ऐकू येत नाही." मध्यंतरी वर्गाला पुन्हा जायला लागल्याने हात बरा होता. सुई जात होती, दोरा ओढला जात होता. टेबलावर ओळीने मांडलेल्या फर्म्यांतला एकेक तो उचलत होता. संध्याकाळपर्यंत तेरा फर्मे शिवून झाले. ताई खूश होऊन म्हणाली, "बघ, देवाचं नाव घेतलं की कसं भराभर होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिवलेला भाग सहज चाळला आणि तो कात्री शोधायला लागला.

प्रार्थनाघरात म्हणताना आधी क्षमेची प्रार्थना म्हणतात, मग स्तुती. जुन्या ग्रंथात मात्र छापणाऱ्याने स्तुती आधी घातलेली, क्षमा नंतर. सगळ्यांना हे पोरवयापासून माहीत. वाचणारा सवयीने पानं पुढे उलटतो, पुन्हा मागे येतो, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. बाइंडर काल म्हणण्याच्या नादात होता. जीभ क्षमेवर गेली, तसा हात टेबलावरच्या क्षमेच्या फर्म्याकडे गेला. जीभ स्तुतीवर आली, तसा हात मागे फिरून स्तुतीकडे आला. पानांचे आकडे कोपऱ्यासकट कधीच झिजून गेलेले, तेव्हा तेही ओरडून सांगायला नव्हते. समोर बसून डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या ताईलाही काही खटकलं नाही, कारण तिची जीभ त्याच वाटेने चालली होती. ही चूक परक्या बाइंडरच्या हातून झालीच नसती. त्याला प्रार्थना पाठ नसती.

ताई आली तेव्हा तो कात्रीने दोरा कापत होता.

"काय करतोस?"

"काल दिवसभर देवाचं नाव घेऊन जे केलं ते उसवतोय."

त्याने तिला दाखवलं. ताईने पानं पुढे-मागे करून पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नऊ फर्मे सोडवायचे होते. त्याने एकेक टाका चिमट्याने काढला. सातव्या फर्म्याला व्हायचं तेच झालं, जुनं भोक घडीच्या रेषेत बोटभर फाटलं. तो आवाज फार लहान असतो, पण त्या दोघांनाही तो ऐकू आला. ताईच्या तोंडून "आई गं" निघालं.

मग मात्र बाइंडरचा तोल सुटला. सहा महिन्यांचं साचलेलं बाहेर पडलं.

"झालं समाधान? ओठ हलले ना? मनासारखे हलले? देवाला माझे ओठ बघायचे आहेत की त्याचा ग्रंथ नीट शिवलेला बघायचाय, विचार जा तुझ्या समितीला! श्वासाकडे बघितलं तर तुमचा धर्म बुडतो. हे फाटलं, याने नाही बुडत? मी काय चोरी केली, ताई? गप्प बसलो. एवढंच केलं. या गावात गप्प बसलेला माणूस तुम्हाला बघवत नाही!"

ताई काही बोलली नाही, हेच इतकं नवल होतं की तो आपोआप थांबला. ती त्या फाटलेल्या घडीकडे पाहत होती.

"सांधता येईल?" तिने विचारलं.

"पातळ कागदाची पट्टी लावली की येईल. पण आणखी एक-दोन फाटले तर मी नाही शिवू शकणार. मग छापखानाच."

"मग राहू दे," ती म्हणाली. "ओठ राहू दे. तू शिव तुझ्या पद्धतीने. पण मी इथून उठायची नाही. गुरुजींना शब्द दिलाय."

"बस की. पण बोलायचं नाही. एक अक्षर नाही. माझा हात जातो."

"नाही बोलत."

ताई आणि गप्प! बाइंडरने मनात म्हटलं, दहा मिनिटं टिकली तरी खूप. पट्टी वाळायला तो दिवस गेला. पुढच्या सकाळी तो वर्गात बसायचा तसा खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसला, तेव्हा ताईने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग त्याने सुई उचलली. सुई आत जाताना कर्र असा बारीक आवाज व्हायचा, मग दोरा कागदातून ओढला जायचा, मग तो बोटाने टाका दाबायचा. खोलीत दुसरा आवाज नव्हता. ताईने आधी पिशवीतल्या वस्तू लावल्या. मग किल्ल्या मोजल्या. घड्याळ पाहिलं, पदर सारखा केला, पुन्हा घड्याळ पाहिलं. दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा बाइंडरने सुई वर धरून तिच्याकडे पाहिलं, आणि तिने तोंड मिटलं. तिची चाललेली तगमग बघून त्याला, खोटं कशाला बोला, मजा वाटत होती. कळू दे जरा, गप्प बसायला काय लागतं ते. त्या संध्याकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर आणि न बोलता गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिने पिशवी खाली ठेवली. किल्ल्या काढल्या नाहीत. दुपारी चारच्या सुमारास तिसावा फर्मा शिवून झाला आणि दोऱ्याला मेण लावायला बाइंडरने मान वर केली. ताई हात मांडीवर ठेवून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती ते पुसतही नव्हती. त्याला आधी वाटलं, जुन्या कागदाची धूळ गेली असेल.

"ताई?"

"आलाय," ती म्हणाली.

"कोण आलंय?"

"माझा पोरगा. कालही आला होता." ती टेबलाकडे बघून बोलत होती, आणि आवाज इतका खाली होता की हीच का ती, असं त्याला वाटलं. "शाळेतून यायचा तेव्हा दप्तर टाकून तसाच दारात उभा राहायचा, आठवतं? तसा. काही बोलत नाही. नुसता उभा आहे."

बाइंडरने सुई खाली ठेवली.

"मला वाटायचं," ताई म्हणाली, "जरा गप्प बसले की तो गेला हेच ऐकू येईल. दुसरं काही येणार नाही. म्हणून मी सात वर्षं... घरात कसलातरी आवाज ठेवला रे. झोपतानासुद्धा रेडिओ लावून झोपते. देवाचं नाव घेत होते, पण ते देवासाठी नव्हतं. कानात बोळे घालावेत तसं घेत होते."

बाइंडरच्या जिभेवर 'हेच मी सांगत होतो' हे वाक्य आलं होतं. बरोबर असण्याची अशी संधी त्याला थोरल्या बहिणीसमोर जन्मात मिळाली नव्हती. पण त्याला स्वतःचाच इतका संताप आला होता की ते वाक्य तिथेच राहिलं. सख्खा भाऊ असून सात वर्षं तो तिच्या रेडिओला नावं ठेवत राहिला. दहा मिनिटांत डोकं उठतं म्हणून उठून जात राहिला, आणि एकदाही त्याला प्रश्न पडला नाही, की बाईला एवढा आवाज लागतो कशाला? त्याने हात पुढे करून टेबलावरचा तिचा हात धरला. खळीने चिकट झालेला हात होता, पण तिने सोडवून घेतला नाही.

"ही प्रार्थना झाली का रे?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "की ते तुझं ध्यान?"

"मला माहीत नाही, ताई."

"गुरुजींना विचारू?"

"नको," बाइंडर घाईने म्हणाला. "ते तोडगा काढतील."

ताईला ओल्या डोळ्यांनी हसू आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि टेबलावर उरलेल्या फर्म्यांकडे पाहिलं.

"किती राहिलेत?"

"बारा." दार उघडायला तीनच दिवस आहेत, तिला तीच चिंता लागली असेल, असं वाटून त्याने लगेच सुई उचलली. "होतील गं. झपाझप केलं तर उद्या दुपारपर्यंत संपवतो."

"घाई करू नकोस," ताई म्हणाली आणि तिने स्टूल आणखी जवळ ओढलं. "हळू शिव."